सुभद्राबाईची हाक

सुभद्राबाईनं जन्मभर जनावरं पाहिली ती पाठीकडून. पळताना.

चांदूर बाजारच्या पुढे नाल्याकाठी तिचं काळं वावर. नाल्यापलीकडे झुडपी जंगल. तूर फुलावर आली की तिकडून रोही, म्हणजे नीलगाई, यायचे, हरभरा भरला की रानडुकरं. मग जागल लागायची. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, मचाण, हातात पत्र्याचा डबा आणि पोटाच्या तळातून काढलेली हाक. तिनं हाक दिली की वावराच्या दुसऱ्या टोकाहून नवरा, भगवंतराव, ओ द्यायचे. तिथली रीतच तशी. ओ आली म्हणजे तिकडचं माणूस जागं आहे, धड आहे. भगवंतराव जाऊन चार वर्षं झाली. आता ओ येते शेजारच्या वावरातून, दुर्गाबाईची. तीही एकटीच.

एकुलता एक मुलगा शिवम नैरोबीत, ठिबक सिंचनाच्या कंपनीत. दर फोनवर त्याचं एकच: आई, किती दिवस मचाणावर बसणार? वावर विकू, तू इकडे ये. अमरावतीचा एक माणूस घ्यायला तयारच होता. ती हो म्हणेना, नाहीही म्हणेना. शेवटी त्यानं तिकीट पाठवलं. महिनाभर राहून बघ, म्हणाला, आणि परत निघायच्या आधी काय ते सांग. महिनाभर दोन्ही वावरं राखायचं दुर्गाबाईनं कबूल केलं.

महिना सरत आला तेव्हा शिवमनं गाडी ठरवली आणि तो, आई आणि सून अशी तिघं मसाई माऱ्याच्या अभयारण्याला निघाली. गाडी चालवायला कामाऊ नावाचा हसरा माणूस होता. नैरोबीपुढचा रस्ता चिखलदऱ्याच्या घाटासारखा खाली उतरत गेला आणि खाली दरी नव्हतीच, एक आख्खं मैदान आभाळाखाली पालथं पडलं होतं. दुपारी सुभद्राबाईनं दशम्या आणि ठेचा काढला. कामाऊनं ठेचा बोटानं चाखला, बाटलीभर पाणी रिचवलं आणि पुन्हा हात पुढे केला. सून आचल अकोल्याची, तिची जीभ मोकळी. ‘आता गाडीच्या अगोदर याचीच सर्व्हिसिंग करा,’ ती म्हणाली.

नारोकच्या आसपास गव्हाची शेतं लागली. क्षितिजापर्यंत गहू आणि माणूस एक नाही. इथं जागलीला कोण जातं, सुभद्राबाईनं विचारलं. शिवम हसला, पण त्यानं ते कामाऊला सांगितलं. कामाऊ म्हणाला, त्याच्या गावी मक्यात हत्ती येतात, त्याची आई डबा वाजवते. हत्तीला डबा पुरतो का, असं सुभद्राबाईनं विचारलं. पुरत नाही, कामाऊ म्हणाला, पण वाजवावा लागतो.

पहिल्या दिवशी तिला कळेना, आपण करायचं काय. जनावर समोर आणि हात रिकामे. जिराफ बाभळीसारख्या झाडाचा शेंडा ओरपत होता, पट्ट्याचे घोडे रस्ता अडवून उभे होते, आणि कोणी त्यांना हट् म्हणत नव्हतं. इथं मोठ्यानं बोलायचं नाही, हे शिवमनं दोनदा बजावलं होतं. ती मांडीखाली हात दाबून बसून राहिली.

दुसऱ्या सकाळी गवतात सिंहीण दिसली. दिसली म्हणजे कानांची दोन टोकं. आजूबाजूला तीन गाड्या इंजिन बंद करून थांबलेल्या. आचल महिनाभरापासून या घडीसाठी नव्या कॅमेऱ्याची भिंगं पुसत होती. समोरून मोठ्या हरणांचा कळप चरत येत होता. कामाऊनं हळूच नाव सांगितलं, इलँड. सुभद्राबाईला नावाची गरज नव्हती. तीच चाल, गळ्याखाली तीच लोंबती कातडी; रोह्याहून थोराड एवढंच. कळप वाळक्या पिवळ्या गवतात शिरला. उन्हात ते गवत कापणीला आलेल्या गव्हासारखं उभं होतं.

आणि त्यातल्या पहिल्यानं मान खाली घातली.

हाक तिनं दिली नाही. ती निघाली. छपराच्या उघड्या खिडकीतून निघून साऱ्या मैदानावर पसरली. कळप उधळला. सिंहीण उठून उभी राहिली, गाड्यांकडे एकदा बघून कंटाळल्यासारखी चालती झाली. शेजारच्या गाडीतली माणसं वळून पाहत होती. आचलनं कॅमेरा मांडीवर ठेवला.

‘आई, हे आपलं वावर नाही,’ शिवम म्हणाला. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं.

पळणाऱ्यांतला एक लांब जाऊन थांबला आणि वळला. सुभद्राबाईनं त्याचं तोंड पाहिलं. ओलं नाक, तोंडात राहिलेली गवताची काडी, आणि दोन मोठे डोळे ज्यांत राग नव्हता, फक्त विचारणा होती. पण ती नुसती पाहत नव्हती. तिचा कान गवताच्या दुसऱ्या टोकाकडे लागला होता.

‘काय ऐकता, आई?’ आचलनं विचारलं.

तंबूंच्या मुक्कामावर चहा आला तेव्हा सुभद्राबाई बोलली. ‘बाबू, थे सिंहीन उपाशी गेली, थ्याचं वाईट वाटते. पन मी हाक देल्ली अन् कान देऊन बसली. कोनी ओ नाई देल्ली.’ तिनं कप खाली ठेवला. ‘वावर इकलं त दुर्गाबाईले ओ कोन देईन? तिले वाटन, इकडचं मानूस मेलं.’

शिवम कपाच्या काठावरून बोट फिरवत राहिला. नैरोबीत तीन वर्षं तो जी वऱ्हाडी बोलला नव्हता ती त्याच्या तोंडी आली. ‘अन् माह्या हाकेले, आई?’

तिनं त्याचा हात मांडीवर ओढून घेतला. ‘तू हाक देजो. मी येईन. कितीक वेळा येईन. पन थो कोपरा सुना नोको करू.’

आचलनं ठेच्याची डबी कामाऊकडे सरकवली. शिवम उठून तंबूमागे गेला आणि त्यानं अमरावतीच्या माणसाला फोन केला. बोलणं फार लांबलं नाही; वावर विकायचं नाही, एवढंच. परतीच्या वाटेवर कामाऊनं त्या हाकेबद्दल विचारलं तेव्हा शिवमनं त्याला सगळं सांगितलं. कामाऊ म्हणाला, त्याच्या आईची शेजारीण गेल्या वर्षी गेली, तेव्हापासून म्हातारी शेतात रेडिओ मोठ्यानं लावून ठेवते.

सुभद्राबाई गावी आली तेव्हा तूर फुलावर होती. दिवस मावळताना दुर्गाबाई धुऱ्यावर आली आणि तिनं विचारलं, ‘काय पाह्यलं वो बाई थ्या आफ्रिकेत?’

‘रोही.’

‘थ्याच्यासाठी येवढ्या दूर गेली?’

‘तोंडाकडून पाह्यला,’ सुभद्राबाई म्हणाली. दुर्गाबाईनं तिच्याकडे निरखून पाहिलं आणि ती आपल्या मचाणाकडे गेली.

अंधारायला लागलं तसा नाल्यातून एक रोही वर आला. तुरीचा शेंडा तोडून त्यानं मान वर केली. सुभद्राबाईनं डबा उचलला आणि तसाच धरून ठेवला. रोही चावत होता. तिची तूर चावत होता आणि तिच्याकडे पाहत होता.

तेवढ्यात पलीकडून दुर्गाबाईची हाक आली. एकदा. मग पुन्हा, जरा घाबरून.

सुभद्राबाईनं ओ दिली, आणि रोह्यानं पाठ फिरवली.