एर्सिलियाची न धुतलेली किटली

दोन्ना एर्सिलिया आमच्या समोर, तळमजल्यावरच्या एका खोलीत राहायची. आमच्या सानिता भागात अशा खोल्यांचं दार थेट गल्लीत उघडतं, त्यामुळे तिच्याकडे काय शिजतंय आणि काय बिनसलंय ते सगळ्यांना कळायचं. खाली पाणी, मधे पूड आणि वर तयार कॉफी अशा आमच्याकडच्या किटलीबद्दल मात्र सगळ्या गल्लीत तिचाच शब्द शेवटचा. वरच्या मजल्यांवरच्या बायका आपापल्या किटल्या टोपलीत घालून दोरीने खाली सोडायच्या. ती किटलीचा वरचा आणि खालचा भाग फिरवून सुटे करायची, मधली जाळी उजेडाकडे धरून बुजलेली भोकं सुईने मोकळी करायची, आत क्षार बसले असतील तर व्हिनेगरचं पाणी उकळून काढायची. साबणाचं नाव काढायची सोय नव्हती.

तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या सुनेने एकदा किटली भांडी धुण्याच्या मशीनमध्ये घातली. अॅल्युमिनियम काळंठिक्कर पडलं. एर्सिलिया ती किटली घेऊन गल्लीच्या मधोमध उभी राहिली आणि वर बघून ओरडली, "अगं ए, नवऱ्यालाही मशीनमध्येच धुतेस का?"

"बघितलं घालून, दोन्ना एर्सिलिया. मावत नाही तो!"

गल्लीभर हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने एर्सिलियाच हसली.

तिची स्वतःची किटली सासूच्या वेळची. तळ झिजून पातळ झालेला, पण आतबाहेर लख्ख. नवरा लवकर गेला. मागे एकुलता एक अनिएल्लो. तो पहाटे बंदरावर माल चढवण्या-उतरवण्याच्या पाळीला जायचा. आई झोपलेली असतानाच कॉफी करायचा, पहिले चार थेंब साखरेत घोटून फेस काढायचा, स्वतःपुरती ओतून घ्यायचा आणि आईची किटलीतच ठेवून हळूच दार ओढून निघायचा. ती उठल्यावर कोमटच प्यायची आणि तोंड पुसायच्या आधी किटली धुवायची.

मार्चमधल्या त्या सकाळी ती उठायच्या आधीच बंदरावरचे दोघे जण दारात आले. क्रेनची साखळी तुटली होती. अनिएल्लो खाली होता.

दुःखाच्या घरी आठवडाभर चूल पेटवायची नसते. मी कॉफी भरून नेली, कुणी शेवयांचं सूप नेलं. दफनाहून परत आल्यावर माझी नणंद नुन्झिया तिचा ओटा आवरायला लागली. शेगडीवरची किटली तिने उचलली मात्र, कोपऱ्यात दगडासारखी बसलेली एर्सिलिया ताडकन उठली.

"ठेव ती खाली."

"अहो, विसळून ठेवते नुसती..."

"ठेव म्हणते ना! माझ्या वाटची आहे ती. त्याने ठेवलीय माझ्यासाठी."

नुन्झियाने किटली जागेवर ठेवली. एर्सिलिया मात्र ती कॉफी प्यायलीही नाही. किटली तिने फळीवर अनिएल्लोच्या फोटोशेजारी नेऊन ठेवली. त्यानंतर गल्लीतल्या टोपल्या खाली यायच्या बंद झाल्या. कुणी मागे लागलं नाही. उन्हाळ्यात तिच्या खोलीत आंबूस वास यायला लागला, तेव्हा मी म्हटलं, "दोन्ना एर्सिलिया, निदान उघडून बघू." ती म्हणाली, "तितीना, तू तुझ्या घरी जा." मी गेले.

हिवाळा आला. एक दिवस तिने माझं दार वाजवलं. मी तिला इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"गळायला लागलीय गं ती."

फळीवर तपकिरी डाग होता, किटलीच्या तळातून थेंब येत होता. ती उघडायला गेली, पण दोन्ही भाग एकमेकांना घट्ट धरून बसले होते. मी खालचा भाग फडक्यात धरला, तिने वरचा. बराच वेळ झटलो, तेव्हा कुठे किटली फिरली. वर कॉफीची काळी साय वाळली होती. मधल्या वाटीतला चोथा हिरव्या बुरशीने माखलेला. खालच्या तळाला सुई जाईल एवढं भोक.

तिने तो चोथा तळहातावर घेतला. मला वाटलं, आता ही रुमालात बांधून ठेवणार. पण तिने तो कचऱ्यात टाकला.

"चोथाच आहे शेवटी," म्हणाली, आणि ओट्याला धरून खाली बसली. मुलाला पुरताना तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. त्या दिवशी तिचं रडणं चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं.

मग उठून तिने बाह्या वर केल्या. व्हिनेगर, गरम पाणी, सुई. एकेक भाग घासत राहिली. मी म्हटलं, "आता नाही होणार हिच्यात कॉफी."

"ते काय मला कळत नाही? म्हणून काय अशी घाण ठेवायची?"

तिने सगळे भाग पुसून फडक्यावर पालथे मांडले आणि पहिल्यांदाच माझ्या घरी कॉफीला आली. बिनसाखरेची प्यायली.

नवी किटली तिने घेतली नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेने आणून दिली, तीही परत केली. सकाळी ती आमच्याकडे येते. कधी येत नाही. तेव्हा मी बशी झाकून कप तिच्या उंबऱ्यावर ठेवून येते. काही दिवशी तो रिकामा मिळतो, काही दिवशी तसाच, गार.