लेलंडच्या नावावरची चाळिसावी धाव

लेलंड क्राउस हिवाळ्यात शाळेची बस चालवायचा आणि उन्हाळ्यात आमच्या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, असायचा. चौतिशीतही चेंडूला धार होती. आयोवातल्या आमच्या छोट्या लीगमध्ये त्या मोसमात त्याने सहा सामने जिंकले, तेरा हरले, आणि तेवढंच बघून लोक त्याला संपलेला समजत. मी त्याचा कॅचर, फलंदाजामागे बसून त्याचे चेंडू झेलणारा. हरलेल्यांपैकी पाच सामन्यांत आमच्या फलंदाजांनी एकही धाव केली नव्हती, हे मला माहीत होतं.

पिचरचा खरा कस दर नऊ डावांमागे त्याने किती धावा दिल्या यावरून कळतो; जितक्या कमी, तितका तो चांगला. क्षेत्ररक्षकाच्या चुकीने गेलेली धाव त्याच्या नावावर धरत नाहीत. लीगमधल्या बहुतेकांची सरासरी चारच्या वर होती, लेलंडची अडीचच्या आसपास. त्याच्या तोडीचा एकच, नदीपलीकडच्या संघातला बावीस वर्षांचा कोडी स्ट्रँड. त्याचा मोसम २.५३ वर संपला होता.

आमच्या शेवटच्या सामन्यात, आठव्या डावात, दोन गडी बाद असताना चेंडू जमिनीवरून सरळ आमच्या क्षेत्ररक्षकाकडे, इलायस पेन्याकडे गेला. त्याच्या ग्लोव्हला लागून निसटला आणि धाव झाली. अधिकृत नोंद करणाऱ्या वर्नाबाईंनी ती फलंदाजाची कमाई धरली, म्हणजे लेलंडच्या नावावर मोसमातली चाळिसावी धाव लागली. आम्ही दोन-एकने हरलो.

सामन्यानंतर त्या कपडे बदलायच्या खोलीच्या दारात आल्या.

"लेलंड, तो चेंडू मला खटकतोय. उद्यापर्यंत नोंद बदलता येते. इलायसची चूक धरली तर तुझी सरासरी २.५१, लीगमध्ये पहिला. नाहीतर २.५७, कोडीच्या मागे."

इलायस बाकावर बूट सोडत होता. त्या महिन्यात त्याच्या चुका वाढल्या होत्या. आणखी एक झाली तर पुढच्या वर्षी घेणार नाही, असं मालकांनी त्याला बजावलं होतं.

"चूकच होती बाई," तो मान खाली घालूनच म्हणाला. "लिहा."

"तू गप रे," लेलंड म्हणाला. "चेंडू खड्यावर आपटून उडाला."

"कुठला खडा?"

"तू डोळे मिटून खेळतोस, तुला काय दिसणार?"

मी बरोबर समोर होतो. मला खडा दिसला नव्हता. वर्नाबाईंनी मला विचारलं नाही. लेलंडकडे जरा वेळ बघून म्हणाल्या, "मग राहू दे तशीच."

परतताना बसमध्ये मी लेलंडच्या शेजारी बसलो.

"वेडा आहेस तू."

"पहिला आलो असतो तरी या वयात मला मोठ्या संघात कोण बोलावणार होतं? इलायसच्या बायकोला सातवा महिना आहे."

"निदान नाव तरी लागलं असतं."

"हो," तो म्हणाला. "ते मात्र हवं होतं मला."

कोडीला बक्षीस मिळालं आणि मोठ्या संघाचं बोलावणंही आलं. इलायसला आमच्याच संघाने ठेवून घेतलं. तो आणखी दोन मोसम खेळला, चुका करतच. पुढच्या जूनमध्ये लेलंडचा खांदा गेला. आता उन्हाळ्यात तो मैदानातलं गवत कापतो, आणि नवा पिचर वाकडा हात फिरवू लागला की यंत्र बंद करून ओरडतो.