मागच्या सात दिवसांत

नाचणगावच्या रूपरावांनी दारात आलेल्या माणसाला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आत आवाज टाकला, "अंकिते, चहा मांड वं बाई."

गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. कोण किती शिकलं, कोण काय काम करतं, याची सरकारी पाहणी करत चंदन नावाचा तो तरुण घरोघर फिरत होता.

"मुलीचं वय?"

"बत्तीस."

"शिक्षण?"

"एम.एस्सी., बी.एड."

"आणि करते काय?"

तीन वर्षांपासून अंकिताला पाहायला येणारे लोक हेच प्रश्न, याच क्रमानं विचारत आले होते. रूपरावांना उत्तर तोंडपाठ होतं. "नोकरीचा हट्ट नाई तिचा. घरचं समदं करते. सैपाक तर असा, बोटं चाटत राहान."

चंदननं टॅबवर बोट टेकवलं.

अंकिता चहा गॅसवर सोडून बाहेर आली. "काय लिहिलं जी?"

"घरकाम, ताई."

"बाबा, हे पाहुणे नाई. मोजणारे हायेत."

"मंग? पोरगी बेरोजगार हाये, असं माह्या तोंडानं सांगू?"

"सांगा."

वांगी-कोथिंबीर पिकवून रूपरावांनी तिला शिकवलं होतं. शिकलेल्या पोरीचे हात मळायला नकोत म्हणून वावरात पाऊल ठेवू देत नसत. त्या हातांनी पाच वर्षं अर्ज लिहिले होते. भरतीची एक परीक्षा रद्द झाली, दुसरीचा निकाल अडकला. तेरा शाळांनी नमुना पाठ घ्यायला बोलावलं. आर्वीच्या एका शाळेत तिनं सातवीला अपूर्णांक शिकवले. पोरं तास संपला तरी उठेनात. मुख्याध्यापकांनी तोंडभर कौतुक केलं. बाहेर पडताना शेजारच्या खोलीत, त्याच जागेवर आधीच घेतलेली बाई हजेरीपटावर सही करताना दिसली. अंकिताचा पाठ निव्वळ देखावा होता. त्यानंतर तिनं अर्ज करणं सोडलं. त्याला दोन वर्षं झाली.

"ताई, मागच्या सात दिवसांत काम शोधलं का?" चंदननं विचारलं. "अर्ज, मुलाखत, कोणाला विचारणं?"

"नाई."

"मिळालं तर कराल?"

"याच पावली."

"पण शोधलं नाही, म्हणजे बेरोजगारात येत नाही." त्यानं आवाज उतरवला. "एखादा अर्ज केला म्हणा. मी बदलून टाकतो."

"खोटं बोलली तर बेरोजगार, खरं बोलली तर घरकाम?"

तिच्या अंगाची आग झाली. कोरड्या विहिरीत पाच वर्षं पोहरा सोडणारा माणूस एक दिवस दोर गुंडाळून घरी बसतो, आणि कागदावर चढतं की त्याला तहानच नाही. ज्यांनी तिची उमेद मारली त्यांच्याच खात्यात आता एक बेरोजगार कमी.

"तुमच्या हापिसात जागा हाये?" तिनं विचारलं. "मले पायजे. घ्या, शोधलं."

"आजचा दिवस धरत नाहीत ताई. कालपर्यंतचे सात." त्याला स्वतःलाच ओशाळल्यासारखं झालं. "माझंही कंत्राट मार्चपर्यंतच आहे."

"मंग एप्रिलात थकून घरी बसलात, का तुम्हीबी घरकामात!"

रूपराव एकदम उठले. खुर्ची मागं सरकली. "लिहा साहेब. रूपरावची पोरगी बेरोजगार हाये. मीच सांगून राह्यलो नं!"

"काका, टॅब घेत नाही. शेऱ्यात लिहू शकतो. पण शेरा कोणी मोजत नाही."

आत चहा उतू जाऊन गॅस विझल्याचा वास आला. तिनं आत जाऊन बटण बंद केलं आणि परत येऊन त्याच्यासमोर उभी राहिली, पाठ ताठ, फळ्यापुढं राहायची तशी.

"लिहा," ती म्हणाली, आणि एकेक शब्द सुटा करत सांगू लागली, "तेरा शाळांत... शिकवून दाखवलं. स्वल्पविराम. एकाही शाळेनं... घेतलं नाही. काम हवं आहे. आजही."

चंदनचं बोट भरभर चाललं.

"पूर्णविराम. आता वाचून दाखवा."