फळ्यांपलीकडचे मालक

आमच्या घरमालकांइतका मन लावून रागावणारा माणूस अख्ख्या अंधेरीत दुसरा नव्हता. लोक सकाळी उठून देवाचं नाव घेतात. मालक उठल्याउठल्या कोणा माणसाचं नाव घ्यायचे आणि मग दिवे लागेपर्यंत त्याला सोडायचे नाहीत. कधी तो म्युनिसिपालिटीचा पाणीवाला असे, कधी दूधवाला भय्या, कधी शेजारचा, ज्याच्या अंगणात आमच्या माडाचे नारळ पडत. नारळांवरून ते शेजाऱ्यावर तर रागावतच, पण खरा राग माडावर. "खायचं आमचं आणि द्यायचं त्याला!" असं त्या झाडाला सुनावताना मी त्यांना या डोळ्यांनी पाहिलं आहे. डॉक्टरांनी छाती तपासून "ठणठणीत आहात" म्हटलं की डॉक्टरांवर राग. मग एवढा वेळ बसवून कशाला ठेवलं? सण रविवारी आला की कॅलेंडर छापणाऱ्यावर राग. साकीनाक्याच्या रस्त्याला त्यांची लाकडाची वखार होती, तिथे बसणारा त्यांचा मुलगा आणि हमाल म्हणायचे, मालक बोलायला लागले की करवत ऐकू येत नाही. किरकोळ राग ते मुंबईच्या मराठीत उरकत. राग मोठा असला की मालवणीवर येत. पायरीवर मालवणी ऐकू आली की आम्ही भाडेकरू मागच्या मागे विहिरीकडे पाणी भरायला निघायचो, पाणी भरलेलं असलं तरी.

मी त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचो आणि शहरात एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी करायचो. ही पन्नास सालानंतरची गोष्ट. स्वातंत्र्य नवं होतं आणि सगळ्यांनाच लोकांसाठी काहीतरी करायचं होतं. आमच्या ग्रंथालयानंही ठरवलं की पुस्तकं कपाटांत कुजवण्यापेक्षा उपनगरांत न्यावीत. शनिवारी संध्याकाळी गोष्ट सांगायची, एक रविवार सोडून पुस्तकावर चर्चा करायची, आणि लोकांना वाचायची गोडी लावायची. अंधेरीचं काम माझ्याकडे आलं, कारण मी अंधेरीत राहत होतो. जागेसाठी मी भीतभीत मालकांना विचारलं. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. "युनिव्हर्सिटी? माझ्या घरात?" मग त्यांनी ओटीला लागून असलेली पुढची मोठी खोली दिली, भाड्याचं नाव काढलं तर माझ्यावरच रागावले, आणि म्हणाले, "तुमच्या लोकांना पाहिजे तोवर खोली तुमची. शब्द दिला." वखारीतल्या फळ्या आणून त्यांनी खोली आणि माजघर यांच्यामध्ये स्वतः आडोसा ठोकला, बाकांना स्वतः रंधा मारला. मालक खूश असले की कसे दिसतात, ते मी त्या आठवड्यात पहिल्यांदा पाहिलं.

उद्घाटनाला आमचे साहेब येणार होते. मालकांनी काळा कोट इस्त्री करून आणला होता, दाराला तोरण बांधलं होतं. पण साहेब ठरल्या वेळेच्या बरेच आधी आले. मी रस्त्यावर पुस्तकांच्या पेट्या उतरवून घेत होतो. मालक गंजीफ्रॉक आणि धोतरावर, घामाघूम, शेवटचं बाक ठोकत होते. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ए, त्या खुर्च्या पुढे लाव. आणि थंड पाणी आण." मालकांनी खुर्च्या लावल्या. पाणी आणलं. तांब्या हातात घेऊन ते उभे राहिले, कारण साहेबांनी लगेच भाषणाला सुरुवात केली होती आणि वाटेत त्यांच्याबरोबर आलेले पाहुणे बसले होते. मी आत आलो तेव्हा साहेब सांगत होते, की या भागातल्या अडाणी, अशिक्षित लोकांच्या अंधारात आज ज्ञानाची पणती आली आहे. शेवटी त्यांनी उदार घरमालकांचे आभार मानले आणि "ते आज येऊ शकलेले दिसत नाहीत" असं म्हणून टाळ्या वाजवल्या. मालक तांब्यासकट तिथेच उभे होते. मी पुढे होऊन काही बोलेपर्यंत साहेब गाडीत बसले होते.

त्या दिवशीची मालवणी वर्सोव्याच्या खाडीपर्यंत गेली असेल. "माझ्या घरात येऊन माका अडाणी म्हणता! खंय गेलो तो?" तो गेला होता. मग मालकांनी इस्त्रीचा कोट पेटीत टाकला आणि जाहीर केलं, "दिलेला शब्द मी मोडणार नाही, खोली तुमची. पण त्या खोलीत माझा पाय पडायचा नाही. पडला तर मी माझ्या बापाचा नव्हे."

मलाही राग आला होता. खरं सांगायचं तर अजून येतो. शिकलेल्या माणसाचा उर्मटपणा फार गुळगुळीत असतो, त्याला हात घालायला कोपराच सापडत नाही. सोमवारी मी साहेबांना झालेला प्रकार सांगितला, तर ते "अस्सं?" म्हणाले आणि मला टाचण्या कुठे ठेवल्यात ते विचारलं.

केंद्र सुरू झालं. बाकांवर सहासात माणसं यायची. त्यांत एक निवृत्त पोस्टमास्तर होते, त्यांना कुठल्याही पुस्तकाबद्दल एकच म्हणायचं असे, "लेखकाची शैली ओघवती आहे." पहिल्या दोनतीन शनिवारी फळ्यांपलीकडून मालकांनी काठी आपटून निषेध केला. गोष्ट सुरू झाली की ठक्, ठक्, ठक्. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं की काठी आता वाटेल तेव्हा वाजत नाही. सावत्र आईनं पोरीला उपाशी ठेवलं की वाजते. सावकार दाराशी आला की वाजते. एका कादंबरीत थोरला भाऊ धाकट्याला फसवून बागायत लाटतो, तिथे काठी थांबली आणि आवाजच आला, "अरे, कोर्टात जा म्हणावं त्याला! रडत काय बसलाय!" पुढच्या रविवारी त्याच पुस्तकावर चर्चा होती. पोस्टमास्तर उठले आणि म्हणाले, "लेखकाची शैली..." तोच पलीकडून गर्जना झाली, "शैली गेली खड्ड्यात! त्याची बायको विहिरीत पडली, त्याचं काय ते बोला!" चर्चा या नावाला शोभेल असं काही त्या खोलीत प्रथमच झालं. पोस्टमास्तर तासभर फळ्यांशी भांडले आणि घरी जाताना मला म्हणाले, "मजा आली हो!"

आम्हाला वरून सूचना होती, की गोष्ट ऐन रंगात आली की थांबवावी, म्हणजे उरलेली वाचायला लोक पुस्तक नेतील. मालकांना पुस्तक न्यायला खोलीत यावं लागलं असतं. शिवाय त्यांचं वाचणं अक्षर लावून लावून चाले, एका पानाला सकाळ जायची. मी तोंडात दातवण धरून उभा असताना ते दारात येत. "काय रे, ती पोर नदीतून बाहेर आली का?"

"मालक, पुस्तकच आणून देतो ना."

"पुस्तक नको. तू माणूस आहेस की सरकारी नळ? अर्ध्यात बंद होतोस तो! अर्धी गजाल ऐकून माणूस निजतलो कसो?"

शेवटी मी वरच्या सूचनेकडे दुर्लक्ष करून शनिवारची गोष्ट पुरी सांगू लागलो.

मग एका संध्याकाळी मी पाणी प्यायला माजघरात डोकावलो आणि दारातच थबकलो. मालक आरामखुर्चीत, कान फळ्यांना लावलेला. त्यांच्यामागे जमिनीवर काकी, म्हणजे मालकांची बायको, आणि तिच्याभोवती आळीतल्या बायका दाटीनं बसलेल्या. कोणाच्या मांडीवर मूल, कोणापुढे निवडायची भाजी. पुरुषांच्या बाकांवर त्या आल्या नसत्या. इथे त्या बिनघोर बसल्या होत्या आणि मालक त्यांच्यावर डाफरत शिस्त ठेवत होते, "गप ऱ्हवा गो! ऐकाक देया!" बाकांवर माझी सात माणसं होती आणि खरी सभा पलीकडे भरत होती. त्यानंतर मी फळ्यांकडे तोंड करून वाचू लागलो. चर्चेतही बायकांची मतं मालकांमार्फत येऊ लागली. "ही म्हणते, सासू वाईट नाही, तिलाही कोणी सुखानं खाऊ दिलं नव्हतं. मला पटत नाही, पण ही म्हणते." एकदा एका तापट नवऱ्याची कथा होती. पलीकडे बायकांत खसखस पिकली, मग मालकांचा आवाज आला, "ही म्हणते, नवरा अगदी आमच्या... ए, काय म्हणालीस?"

असं वर्षाहून जास्त चाललं. मग पत्र आलं. ज्या केंद्रांत माणसं कमी येतात ती बंद करायची, आणि पाहणीला साहेब स्वतः येणार. माझ्याकडे बाकांवर सात माणसं. मी मालकांच्या पायाशी बसलो. "मालक, एक दिवस आत या. सगळ्यांना घेऊन या. नाहीतर हे जाईल."

"मी बापाची शपथ घेतलीय."

"शपथ तुमची आहे," काकी भाजी चिरता चिरता म्हणाली. "माझी नाही. मी बसते जाऊन."

"जा! सगळ्या जा! त्या पणतीवाल्यासमोर जाऊन बसा!" असं म्हणून मालक चपला घालून वखारीकडे चालते झाले. ते गेले तसा बायकांचा धीरही गेला. त्यांना मालकांचा राग पाठीशी असल्याशिवाय बसायची सवय नव्हती.

पाहणीच्या दिवशी दुपारी मी घरी आलो तर पुढच्या खोलीत धुरळा. मालक माजघराच्या बाजूनं आणि वखारीतला मिस्त्री खोलीच्या बाजूनं पहारी घालून फळ्या उपटत होते. खिळे किंचाळत होते. संध्याकाळपर्यंत आडोसा नाहीसा झाला. खोली आणि माजघर मिळून एकच जागा उरली, मध्ये फक्त जुना उंबरठा. उंबरठ्याच्या पलीकडे, माजघराच्या बाजूला, मालक काळा कोट आणि टोपी घालून आरामखुर्चीत बसले. मागे सगळी आळी. मी काही बोलायच्या आतच ते खेकसले, "माझा पाय पडलाय का आत? नाही ना? मग तोंड काय बघतोस? वाच!"

साहेब आले, एवढी गर्दी पाहून प्रसन्न झाले आणि भाषणाला उभे राहिले. "या भागातल्या साध्याभोळ्या लोकांना..."

"साहेब," मालक म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "गेल्या खेपेला तुम्ही मला खुर्च्या उचलायला लावल्यात. त्याचा राग नाही. घर माझं, खुर्च्या माझ्या, शंभरदा उचलीन. पण माझ्या दारात उभं राहून तुम्ही आम्हाला अडाणी म्हणालात. आम्हाला वाचता येत नसेल. आम्ही ऐकतो, ऐकून रडतो, एकमेकांशी भांडतो. तुमच्या त्या मोठ्या लायब्ररीत पुस्तकावरून कोणी भांडतं का, सांगा."

साहेब हसले. तेच गुळगुळीत हसू. "आपला काही गैरसमज होतोय. मी आपल्याला पूर्वी कधी भेटल्याचं आठवत नाही."

आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. मालक त्यांच्याकडे पाहत राहिले. ज्याच्यावर ते इतके दिवस रागावले होते, त्याच्या गावीही तो राग नव्हता. काकीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, चार माणसांत, जे त्या काळी बायका करत नसत. मालकांनी मला खूण केली. मी गोष्ट सुरू केली. साहेब मध्येच घड्याळ पाहून निघून गेले.

केंद्र बंदच झालं. कारण कळलं ते असं, की गर्दी चांगली, पण पुस्तकं नेणारे थोडे, आणि श्रोते बहुतांशी घरगुती बायका. घरगुती बायका! पुस्तकं कोणासाठी लिहितात, असं मी ऑफिसात ओरडून विचारलं, मालवणी येत नव्हती याचं वाईट वाटलं. पेट्या न्यायला हातगाडी आली, तेव्हा मालक दारात उभे होते. आडवे आले नाहीत. एवढंच म्हणाले, "न्या. खोलीचा शब्द माझा होता, पुस्तकांचा नव्हता." शनिवारी मी माझी स्वतःची पुस्तकं घेऊन बसलो. फळ्या पुन्हा कधी लागल्या नाहीत. पोस्टमास्तर येत, बायका येत, मालक उंबरठ्याच्या आपल्या बाजूला बसून सगळ्यांवर ओरडत. चारपाच वर्षं हे असं चाललं. मग मला नागपूरला एका कॉलेजात ग्रंथपालाची जागा मिळाली आणि मी अंधेरी सोडली.

दोनतीन वर्षांनी कामानिमित्त मुंबईला आलो, तसा थेट मालकांकडे गेलो. शनिवार नव्हता, तरी काकीनं आळीत निरोप धाडले. मालक आरामखुर्चीत होते, कोट सैल झालेला. वखार मुलानं विकली होती. मी मुद्दाम एक कादंबरी आणली होती, मालक हमखास पेटतील अशी. तीत एक मुलगा म्हाताऱ्या बापाच्या डोळ्यांदेखत घर विकून टाकतो. ते पान आलं, मी काठीसाठी थांबलो. बायकाही मालकांकडे पाहू लागल्या. मालक म्हणाले, "असू दे रे. त्या पोराची पण काही अडचण असेल."

काकीचा सुपातला हात थांबला. मी चष्मा पुसला आणि पुढे वाचू लागलो, जरा मोठ्यानं. त्या मुलाला मी पुस्तकात होता त्याहून वाईट केला. बापाची काठी त्याला हिसकावून घ्यायला लावली, पुस्तकात नसलेल्या दोन सणसणीत शिव्या त्याच्या तोंडी घातल्या. मालक डोळे मिटून ऐकत होते, आणि मधूनच, लहान मुलाची समजूत घालावी तसे, "बरं, बरं" म्हणत होते.