दुसऱ्याच्या गाडीत आबा

आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, कुठल्याही गाडीत बसण्याआधी चपला काढत. दाराबाहेर, जोडीने, देवळात काढतात तशा. मग ती शेजाऱ्यांची नवीकोरी मोटार असो, नाहीतर खटारा रिक्षा. आत बसून गप्पा रंगल्या की चपलांचा विसर पडे आणि गाडी सुटे. धुळ्याहून जळगावला येताना पारोळ्याला चहाला थांबलो की एखादा जोड हमखास तिथेच राही. "आबा, निम्मं पारोळं तुमच्या चपला घालून फिरत असेल," असं मी म्हणायची. ते हसत आणि पुढच्या वेळी पुन्हा काढत.

सवय धंद्याची होती. धुळ्याला आग्रा रोडवर त्यांचं सीट कव्हरचं दुकान. लोकांच्या गाड्यांत गुडघे टेकून रेक्झिन ताणण्यात उभा जन्म गेला. "दुसरानी गाडी म्हनजे दुसरानं घर शे, माय," ते मला सांगत. "घरमा कोन चप्पल घालीसन जास?" त्यांच्या स्वतःच्या स्कूटरची सीट मात्र शेवटपर्यंत फाटकीच होती. दिव्याखाली अंधार.

दुकानाच्या एका भिंतीवर देवांच्या तसबिरी आणि समोरच्या भिंतीवर इटलीच्या गाड्यांची चित्रं. जमिनीला चिकटलेल्या, दोनच माणसांच्या, लालभडक गाड्या. उदबत्ती देवांना, पण नजर गाड्यांवर. गिऱ्हाईक विचारायचं, ही किती पळते हो? आबा चिडत. "गाडी कितली पयस हाई बठ्ठा इचारतस. बसाले कशी शे हाई कोन्ही इचारत नही." मग त्या सीटची शिलाई कशी आहे, कातड्याला एकही सुरकुती कशी नाही, हे ते इतक्या प्रेमाने समजावत की माणूस आपल्या गाडीला साधं कव्हर टाकायला आलोय हे सांगायलाच लाजे.

रस्ता रुंद झाला आणि त्यात दुकान गेलं. सासूबाई आधीच गेलेल्या. आबा आमच्याकडे जळगावात, मेहरूणला राहायला आले. "आता आराम करा. काय हवं ते सांगा," माझा नवरा, योगेश, त्यांना म्हणाला. आबांनी फार वेळ घेतला नाही. "त्या गाडीना कारखाना दखाडी दे एकदाव." वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं. योगेशने ते मनावर घेतलं आणि इटलीतल्या एका कारखान्यात पाहुण्यांना आतून दाखवतात हे शोधून काढून आमची नावं नोंदवली.

अडचण एकच होती, आबांची साखर. डॉक्टरांनी त्यांच्या तळव्याला सुई टोचून पाहिली, तर आबा विचारतात, "कधी टोचनार?" खोलीतले आम्ही सगळे हसलो. डॉक्टर हसले नाहीत. "आबा, तुमच्या पायाला आता दुखणं कळत नाही. जखम झाली तर पाय जाईल. अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, घरातसुद्धा नाही." मी मऊ बूट आणले, आणि परदेशात पायातून काढणार नाही असं त्यांच्याकडून वदवून घेतलं. ऐनवेळी योगेशची रजा रद्द झाली, म्हणून आबांबरोबर मी एकटीच गेले.

कारखान्यात ते हात पाठीमागे बांधून फिरले. कशाला चुकून हात लागू नये म्हणून. इंजिनं जोडताना पाहायला लोक गर्दी करत होते. आबा शिवणखात्यापाशी थांबले ते थांबलेच. तिथे बायका हाताने कातडं शिवत होत्या. आमच्या गटातले बाकीचे पाहुणे पुढे गेले तरी हा माणूस हलेना. एका बाईच्या लक्षात आलं असावं. तिने शिवलेला एक तुकडा त्यांच्या हातात दिला. आबांनी तो आधी उलटा केला, आतल्या टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि परत दिला. "उलटी बाजूबी सुलटीच शे, माय," ते मला म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

शेवटच्या दालनात एक तयार गाडी ठेवली होती. पाहुण्यांनी आत बसायचं आणि फोटो काढायचा. आमची पाळी आली. मी समोर उभी राहून फोटो काढले. काचेतून आबांचा चेहरा आणि स्टिअरिंगवरचे दोन हात तेवढे दिसत होते. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग ते उतरले, पलीकडची सीट पाहायला गाडीला वळसा घालून गेले, आणि तेव्हा मला दाराशी बूट दिसले. शेजारी शेजारी ठेवलेले, आत घडी घातलेले मोजे.

मी ओरडलेच. आबा ओशाळले, मोजे-बूट घालून म्हणाले, "काही नही व्हयनं, माय." त्यांना खरंच तसं वाटत होतं. हॉटेलवर मोजा काढायला गेले तर तो रक्ताने तळव्याला चिकटला होता. केसाएवढा बारीक धातूचा तुकडा आत रुतला होता. एवढ्या स्वच्छ फरशीवर तो कुठून आला, देव जाणे.

तुकडा निघाला. पण जळगावला पोचेपर्यंत पाय सुजून काळा पडू लागला होता. आधी अंगठा काढला, मग गुडघ्याखाली पायच. मला आबांचा राग आला. अजून येतो. एवढं समजावून सांगितलेल्या माणसाने असं करावं?

धुळ्याहून जुनी माणसं दवाखान्यात भेटायला यायची, तोंडं पाडून. आबाच त्यांना हसवत. "पाय गया ते गया, पन मी त्या गाडीमा बठनू ना!" लोक हसत, डोळे पुसत, आणि धुळ्याला जाऊन हीच गोष्ट सांगत. हौस असावी तर आबांसारखी! योगेश कॉटजवळ उभा राहून हे ऐकायचा. आबांना पाठवलं त्यानेच. आबांच्या त्या वाक्याच्या आधारावरच तो उभा होता.

जखम पुन्हा वर चढली. एका दुपारी योगेश औषधं आणायला गेला होता आणि मी आबांना पेज भरवत होते. माझ्याच्याने राहवलं नाही. "खरं सांगा आबा, पुन्हा तिथे गेलात तर बूट काढाल?"

त्यांनी चादरीखालच्या सपाट जागेकडे पाहिलं.

"नही काढसू," ते म्हणाले. "माले पाय पाहिजे व्हता, माय. गाडी काय, फोटोमाबी व्हती." मग माझं मनगट धरलं. हातात काहीच जोर नव्हता. "योगेशले सांगू नको. त्यानी मन्ही हौस करी."

त्याच आठवड्यात आबा गेले.

आता तो फोटो आमच्या बैठकीत आहे. कुणी नवं माणूस आलं की योगेश त्याला फोटोपाशी नेतो आणि सगळं सांगतो. "पाय गेला, पण आबांना त्याचं काही वाटलं नाही. समाधानाने गेले." एवढं बोलून तो दरवेळी माझ्याकडे वळून पाहतो. "हो ना गं?"

"हो," मी म्हणते.