आबांच्या डोक्यावरच्या वहाणा

आमच्या गावच्या शाळेत राष्ट्रपतींची तसबीर लागली, तेव्हा तिला पहिला हार आबांनी घातला. आबा म्हणजे माझे वडील, सुलतानपूरजवळच्या आमच्या खेड्याचे पाटील. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रदेशात होतं आणि आमचं सरकार नागपुरात बसायचं. गोरा साहेब गेला आणि दिल्लीत आपला माणूस बसला, एवढंच गावाला ठाऊक. "आता सगळ्यायच्या वर हा," आबा मास्तरांना म्हणाले. मास्तरांनी मान डोलावली आणि पोरांना साखर वाटली. त्या मास्तरांचा मला अजून राग येतो. त्यांनी काही वाईट केलं नव्हतं, तरी येतो.

पुढच्याच साली माझ्या धाकट्या भावाच्या हातून खून झाला.

धुऱ्याचं भांडण होतं. आमचं शेत आणि भाऊबंदातल्या एका थोरल्या चुलतभावाचं शेत, मधे बांध, आणि बांधावर एक बाभूळ. माझा भाऊ बाभळीच्या फांद्या तोडत होता, तेवढ्यात तो चुलतभाऊ आला. शिव्या झाल्या, मग धक्काबुक्की. भावाच्या हातात कुऱ्हाड आधीच होती. घाव एकच बसला आणि तो जागीच गेला. भाऊ पळाला नाही, तिथेच बसून राहिला. त्याला शीघ्रकोपी म्हणतील ते म्हणोत, आमच्या घरात सगळेच तसे. मीही तशीच आहे.

सेशन कोर्टाने फाशी दिली आणि नागपूरच्या हायकोर्टाने ती कायम केली. मेहकरच्या वकीलसाहेबांनी मग राज्यपालांकडे दयेचा अर्ज केला. कुऱ्हाड बाभळीसाठी होती, मारायचं मनात नव्हतं, झटापटीत घडलं, असं त्यात मुद्देसूद लिहिलं होतं. तोही नामंजूर झाला. उरले फक्त राष्ट्रपती.

वकीलसाहेब नव्या अर्जाचा मसुदा करायला बसले, तर आबांनी त्यांना थांबवलं. राज्यपालांकडे गेलेला अर्ज त्यांनी वाचून घेतला होता. घरी येऊन ते मला म्हणाले, "याच्यात माफी कुठीसा हाय? ह्यानं तं पुन्यांदा खटलाच चालवला. असं कोणी सोडते काय?"

आबांना माफीची एकच रीत माहीत होती, गावची. अपराध्याच्या घरातल्या कर्त्याने पागोटं उतरवायचं, ज्याचं नुकसान झालं त्याच्या वहाणा डोक्यावर घ्यायच्या आणि पंचांपुढे उभं राहायचं. सगळा दोष आपल्या पदरात घ्यायचा. थोडा समोरच्याचाही होता असं म्हणायचं नाही, खरं असलं तरी म्हणायचं नाही. जो कमी सांगतो त्याला माफी मिळत नाही, आणि जो आपल्या अपराधावर चार दाणे जास्तच घालतो त्याच्या डोक्यावरून समोरचा स्वतः वहाणा उतरवतो. आबांनी पाटील म्हणून घोंगडीवर बसून अशी कितीतरी भांडणं मिटवली होती.

म्हणून ते आधी मेलेल्याच्या घरी गेले. भर दुपारी, उघड्या डोक्याने, गावातून चालत. त्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनीने, नवऱ्याच्या वहाणा उंबऱ्यात आणून ठेवल्या आणि आत निघून गेली. आबा त्या डोक्यावर घेऊन अंगणात उभे राहिले. ऊन उतरलं तरी ते हलले नाहीत. मी मागोमाग जाऊन कुंपणाबाहेरून पाहत होते आणि मला तिची चीड येत होती. किती उभं करशील म्हाताऱ्याला, असं मनात येत होतं. तिच्या घरातला माणूस गेला होता हे मी त्या घडीला साफ विसरले होते. शेवटी ती बाहेर आली आणि तिने वहाणा उतरवल्या.

"जा मामाजी," सासऱ्याच्या नात्याने ती आबांना म्हणाली. "म्या सोडलं. लहान भाऊजीले फाशी देऊन माह्या लेकरायचा बाप थोडीच येते."

तिने अर्जावर अंगठा द्यायचंही कबूल केलं. त्या दिवशी आमच्या घरात कितीतरी दिवसांनी नीट स्वयंपाक झाला. भाऊ सुटल्यातच जमा, असं सगळे बोलू लागले.

मग आबांनी मेहकरच्या कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनविसाला गाठून स्वतः अर्ज सांगितला. घरी आणून तो आम्हा सगळ्यांपुढे वाचून घेतला. 'माझ्या मुलाने मनात वैर धरून, ठरवून, घरून कुऱ्हाड नेऊन जीव घेतला. मेलेल्याचा काडीचा दोष नव्हता. आम्ही महापापी आहोत, पायांवर डोकं ठेवतो, पदरात घ्या.' खाली आबांची सही, पंचांच्या सह्या आणि वहिनीचा अंगठा.

मी म्हणाले, "आबा, तो तं बाभूय तोडत होता. ठरवून काऊन लिहिलं?"

"माफी मांगाले गेल्यावर हिसाब नसते करत पोरी," ते म्हणाले. "तो मोठा माणूस हाय. वाचल्यावर त्याले समजते, माणूस किती खाली वाकला ते."

अर्ज गेला. आबा आनंदाने मेहकरला ही खबर द्यायला निघाले आणि मीही सोबत गेले. वकीलसाहेबांनी नक्कल वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

"पाटील, हे तुम्ही काय केलंत," ते म्हणाले. "कोर्टात सरकारी वकिलाला जे धड सिद्ध करता आलं नाही, ते तुम्ही बापाच्या सहीनं लिहून दिलंत."

आबा म्हणाले, "पन ते राष्ट्रपतीले लिवलं. कोर्टाले नाही."

तेव्हा वकीलसाहेबांनी समजावून सांगितलं. माफीचा अधिकार राष्ट्रपतींचाच, घटनेत तसं लिहिलं आहे. पण अर्ज आधी मंत्र्यांच्या खात्यात जातो. तिथे खटल्याचे कागद काढतात, टिपणं होतात, मंत्री सल्ला देतात, आणि त्या सल्ल्याप्रमाणे राष्ट्रपतींची सही होते. फार तर ते एखादी शंका विचारतील. आपल्या मनाने ते कोणाला सोडत नाहीत आणि कोणाला मारतही नाहीत.

आबांना ते पटेना. मग वकीलसाहेब म्हणाले, "पाटील, तुमच्या गावात भांडणाचा निवाडा कोण करतं?"

"पंच."

"आणि सांगतं कोण?"

सांगणारे आबाच होते. घोंगडीच्या मधोमध बसून आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं. पंच कानात सांगायचे आणि आबा ते मोठ्याने बोलायचे, शब्द पंचांचा आणि तोंड पाटलाचं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं तेव्हा माझ्या ओठांवर आलं होतं. ते आबांना म्हणावं की दिल्लीला, हे मला कळलं नाही. सगळ्या गावात ही गोष्ट ज्याला आधी उमगायला हवी होती तो माणूस माझा बापच होता, आणि मला त्याची कीवही आली आणि संतापही आला.

वकीलसाहेबांनी तातडीने दुसरा अर्ज पाठवला, पहिला चुकीचा समजावा म्हणून. उत्तर आलं ते तुरुंगाच्या मार्फत. नामंजूर. कारण दिलेलं नव्हतं. वकीलसाहेब म्हणाले, पहिल्या अर्जामुळेच नाकारलं असं म्हणता येणार नाही, कदाचित तसंही नाकारलं असतं. ते चांगल्या मनाने म्हणाले, पण त्या 'कदाचित'ने आबांना कायमचं पोखरलं.

शेवटच्या भेटीला मी शेगावहून रेल्वेने नागपूरला गेले. आबा स्टेशनापर्यंत आले आणि तिथूनच परत फिरले. गजांपलीकडे भाऊ वाळून गेला होता. त्याला दुसऱ्या अर्जाचं माहीत होतं, पहिल्यात काय लिहिलं ते नव्हतं.

"बाई," त्याने विचारलं, "राष्ट्रपतीनं सोता वाचलं असंन का वं?"

"वाचलं असंन," मी म्हणाले.

"मंग एवढं तं समजलं असंन त्यायले, का मी बाभूय तोडत होतो."

मी हाव म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

भाऊ गेला. क्रियाकर्म नागपुरातच उरकलं. आमच्यात भाऊबंदांना एकमेकांचं सुतक लागतं. म्हणजे ज्याने तिचा नवरा मारला त्याचं सुतक वहिनीला लागलं, आणि तिने ते पाळलं. चूल, देव, सगळं रीतीप्रमाणे. सुतक फिटल्यावर ती डोक्यावरचा पदर सारखा करत आमच्याकडे आली आणि आबांपासून जराशी दूर, दाराशी बसली.

ती म्हणाली, "म्या तं सोडलं होतं मामाजी. मंग अजून कोनाले सोडाचं राह्यलं होतं?"

आबांनी मान वर केली नाही. "मलेच," ते म्हणाले. "मी माह्या पोरावर जास्तीचं लिवलं." मग पागोटं काढून त्यांनी बाजूला ठेवलं. "त्या वहाना हायेत का अजून तुह्या घरी?"

"हाव."

"आनून दे मले."

वहिनी उठली आणि घरी गेली. आबा उघड्या डोक्याने ओट्यावर वाट पाहत बसले. दिवे लागले तरी ती आली नाही. या वेळी त्या डोक्यावरून उतरवणारा कोणी उरला नव्हता, हे तिला कळलं असावं. मग मी त्यांच्या हाताला धरून त्यांना आत नेलं.