दुखवट्याचं जेवण

तुर्कस्तानातल्या मार्दिन गावातली आमची खानावळ गुलेरताईंनी उभी केली. त्या नावाजलेल्या आचारी, पण डोकं चुलीपेक्षा तापलेलं. आम्ही पंधरा बायका तिथे रांधतो आणि कमाई आमच्याच हातात पडते. परवा फादिले कामावर आली नाही. तिच्या नवऱ्याने, वेदातने, चहाच्या दुकानात जाहीर केलं होतं, "माझी बायको परक्या पुरुषांसाठी रांधणार नाही. घराण्याची अब्रू आहे!"

गुलेरताई खिम्याने माखलेल्या हातांनीच उठल्या. मी मागे धावले. त्या दुकानात बाईमाणूस पाऊल टाकत नाही, पण ताई थेट वेदातच्या टेबलापाशी गेल्या.

"काय रे, तुझा बाप गेला तेव्हा तीन दिवस किती माणसं जेवली?"

"पाचशे असतील," तो बावरून म्हणाला.

"रांधलं कोणी?"

वेदातने चहाचा पेला तोंडाला लावला.

"फादिलेनं! इथे बसलेले सगळे मिटक्या मारत जेवले. हे काय तिचे सख्खे भाऊ आहेत? तेव्हा कुठे झोपली होती तुझी अब्रू?"

"पण ताई, तेव्हा ती पैसे थोडीच घेत होती?"

"ऐकलंत?" ताई कडाडल्या. "बाई फुकट राबली की अब्रू शाबूत! मग आजपासून या गल्लीत कोणाच्याही दुखवट्याला आमची एकही बाई चूल पेटवणार नाही. बसा आपापल्या मढ्यापाशी उपाशी!"

कोपऱ्यातले नव्वदीचे हाजी शेमूस काठी टेकत उठले.

"वेदात, बायकोला कामावर पाठव. माझे फार दिवस राहिले नाहीत."